परदेशी क्लबकडून खेळणारा बचावपटू : सांगली-मिरजेतल्या पालकांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

सांगली कुस्तीची, कबड्डीची आणि क्रिकेटची. फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरकडे बोट दाखवतात. तरी सांगली, मिरज, विश्रामबागेत रोज बूट बांधून मैदानात उतरणारी पोरं आहेत. रात्री जागून युरोपातले सामने बघतात आणि सकाळी येऊन विचारतात, ‘सर, मला तिकडं खेळायला मिळेल का?’ त्यातल्या बचावपटूंसाठी मी हे वेगळं लिहितोय, कारण स्ट्रायकरला दिलेला सल्ला स्टॉपरला (सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधे उभा राहणारा बचावपटू) लागू पडत नाही. पालकांचे पैशांचे आणि कागदपत्रांचे प्रश्नही यात घेतलेत.

भारतातला कुणी बचावपटू आजवर परदेशात गेलाय का?

गेलेत, पण मोजके. ठळक नाव संदेश झिंगनचं. चंदीगडचा हा सेंटर बॅक युनायटेड सिक्कीम, केरळा ब्लास्टर्स, एटीके मोहन बागान असं करत वर आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने क्रोएशियाच्या अव्वल लीगमधल्या शिबेनिक क्लबशी करार केला. तिथे गेल्यावर लगेच दुखापत झाली, एकही अधिकृत सामना खेळता आला नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये तो मोहन बागानकडे परतला. काही जण हे उदाहरण ‘बघा, जमत नाही’ म्हणून सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याने दार ठोठावलं तेव्हा त्याचं वय २८ होतं. नवा देश, नवी थंडी, नवा वेग या सगळ्याशी शरीर जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि तो वेळ विशीच्या सुरुवातीला जास्त असतो. झिंगनच्या अनुभवातून घ्यायचं ते एवढंच की लवकर निघा.

बाकीच्या जागांवरचे खेळाडू बघितले तर परंपरा बरीच जुनी आहे. १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडून पायाला पट्ट्या बांधून, बुटांशिवाय खेळला. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघाकडे होता. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये गेला, बराच काळ संधीची वाट बघत राहिला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला.

मुलगा १५ वर्षांचा आहे. आत्ताच परदेशी क्लबमध्ये घालता येईल का?

नाही. फिफाच्या खेळाडू हस्तांतरण नियमांतलं कलम १९ स्पष्ट आहे : १८ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद थोडे आहेत. युरोपीय संघाच्या हद्दीतल्या हद्दीत १६ ते १८ वयाचे खेळाडू काही अटींवर जाऊ शकतात. सीमेलगत राहणाऱ्यांसाठी सवलत आहे. आपल्याकडच्या पोराला लागू होऊ शकेल असा मुख्य अपवाद म्हणजे आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. वडिलांची बदली दुबईला झाली, सगळं घर तिकडे गेलं, तर ठीक. पोराच्या फुटबॉलसाठी तिकडे नोकरी दाखवली, तर फिफा कागद तपासते आणि नोंदणी अडवते.

मग स्पेनमधल्या, इंग्लंडमधल्या ‘अकादमी’च्या जाहिराती येतात त्या कसल्या? त्यातल्या बहुतेक फी घेऊन शिकवणाऱ्या खासगी संस्था असतात. तिथे प्रशिक्षण मिळतं, ते चांगलंही असू शकतं. पण जाहिरातीत एखाद्या मोठ्या क्लबचं चिन्ह दिसलं म्हणून पोरगं त्या क्लबचा खेळाडू झालं असं होत नाही. यासाठी कुणी शेत विकायची भाषा करत असेल तर कृपा करून थांबा आणि आधी कुणा जाणत्याशी बोला.

मग अठरापर्यंत काय करायचं?

सामने खेळायचे. जितके मिळतील तितके, आणि आपल्यापेक्षा मोठ्यांसोबत.

कोल्हापूर पन्नासएक किलोमीटरवर आहे हे सांगलीच्या पोराचं भाग्य आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब असे संघ उतरतात तेव्हा गॅलरीतला आवाज असा असतो की शेजारच्या बॅकची हाक ऐकू येत नाही. त्या गोंगाटात बचावाची लाईन सांभाळायला शिकलेल्या पोराला पुढे कुठल्याही स्टेडियमची भीती वाटत नाही. शिवाय तिथला फॉरवर्ड अंगाने दांडगा असतो आणि स्टॉपरला लवकर मोठा करतो.

शाळेकडून सुब्रतो कप खेळा. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय फेरी असा त्याचा रस्ता आहे. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी चुकवू नका. कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथूनच पुढे गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) वयोगटांच्या लीग, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांच्या अकादमी, आणि तिच्या खालची राष्ट्रीय लीग. परदेशी क्लबला कागदावर भारतातल्या वरच्या लीगमधले सामने दिसले तर बोलणं सुरू तरी होतं.

परदेशी क्लब बचावपटूत नेमकं काय बघतात?

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे अजून ‘बॉल आला की लांब मारा’ हीच बॅकची शिकवण आहे.

पहिली गोष्ट, बॉल दुसऱ्या टोकाला असताना पोरगं काय करतं. बघणारा माणूस गॅलरीत बसून बॉलकडे बघतच नाही, तो तुमच्या मानेकडे बघतो. बॉल उजव्या बाजूला आहे, डावा सेंटर बॅक दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून पाठीमागे कोण सुटलंय ते बघतोय का? की डोळे बॉलला चिकटलेत? एका सामन्यात हे दिसतं आणि लपवता येत नाही.

दुसरी गोष्ट, उभं राहणं. समोरून फॉरवर्ड येतोय आणि तुम्ही दोन्ही पाय एका रेषेत ठेवून छाती त्याच्याकडे केलीत, तर त्याने बॉल कुठल्याही बाजूला ढकलला तरी तुम्ही एक पाऊल मागे पडता. एक पाय मागे, अंग थोडं तिरकं, वजन पंज्यावर, आणि त्याला आपल्याला हव्या त्या बाजूला, शक्यतो टचलाईनकडे, जायला लावायचं. टॅकल ही शेवटची पायरी. घसरून टॅकल मारणाऱ्याला आपल्याकडे टाळ्या मिळतात, पण आधीच नीट उभं राहिल्यामुळे टॅकलची वेळच येऊ न देणारा बॅक मोलाचा असतो. स्काऊटच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाच्या, वहीत तोच जातो.

तिसरी, पायात बॉल असताना काय करतो. १९९२ मध्ये गोलरक्षकाला पायाने दिलेला बॅकपास हातात घ्यायला बंदी आली तेव्हापासून बचावपटूचं काम बदलत गेलं. २०१९ मध्ये आणखी एक नियम बदलला : गोल किक पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, स्टॉपर आतच बॉल घेऊ शकतो. त्यामुळे आता युरोपात गोल किकच्या वेळी दोन्ही सेंटर बॅक गोलरक्षकाच्या शेजारी उभे असतात आणि समोरून दोन-तीन जण अंगावर धावून येतात. तेव्हा पहिल्या टचमध्येच बॉल लांबच्या पायाकडे वळवून पुढचा पास दिसायला हवा. दोन्ही पायांनी. डाव्या पायाचा सेंटर बॅक जगभर कमी मिळतो, म्हणून पोरगं डावखुरं असेल तर त्याला जबरदस्तीने उजवं करू नका.

चौथी, हेडर. आणि इथे आपल्या मातीचा फायदा आहे. तालमीत दंड-बैठका, मानेचे व्यायाम केलेल्या पोराची मान भक्कम असते, धक्का लागला तरी तोल जात नाही. कुस्ती सोडून फुटबॉलला आलेल्या पोरांना मी कधी कमी लेखत नाही. फक्त लहान वयात हेडरचा अतिरेक नको. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लहान मुलांच्या सरावात हेडरवर निर्बंध आले आहेत, ते विचार करूनच आलेत.

उंची पाच फूट आठ इंच. संपलं का?

सेंटर बॅकसाठी अवघड आहे, साईड बॅकसाठी, म्हणजे कडेच्या बचावपटूसाठी, नाही. आजचा साईड बॅक सामन्यात सगळ्यात जास्त धावणाऱ्यांपैकी एक असतो, त्याला दम, वेग आणि क्रॉस लागतो. सोळा-सतराव्या वर्षी उंची थांबली असं वाटलं तर जागा बदलायचा विचार करा, खेळ सोडायचा नाही.

इथल्या मैदानांवर खेळून तिकडच्या गवतावर जमेल?

जमवावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये माती इतकी टणक होते की पोरं घसरून टॅकल करायला घाबरतात आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोभर चिकटतो. युरोपात ओलं, भुसभुशीत गवत असतं. त्यावर रबरी स्टडचे बूट घालून उतरलात तर वळताना पाय सटकतो आणि बचावपटू सटकला की गोलच. निघण्याआधी मऊ मैदानासाठीचे लांब स्टडचे बूट घेऊन त्यावर सराव करा. नवे बूट घालून थेट चाचणीला उभं राहू नका, टाचा सोलतात.

कुठल्या देशात जावं?

मला या पानावर सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते हेच : जिथे खेळायला मिळेल तिथे जा. क्लबचं नाव किती मोठं हे नंतर.

स्ट्रायकर शेवटची वीस मिनिटं उतरून एक गोल मारून नाव कमावू शकतो. बचावपटूला बदली म्हणून कुणी सहसा उतरवत नाही, कारण चालू सामन्यात लाईन बिघडवायला प्रशिक्षक तयार नसतो. म्हणजे बाकावर बसलेला स्टॉपर महिनोन्महिने बाकावरच राहतो. आणि बचाव सामन्यातच शिकता येतो. चुकीचा अंदाज, त्यातून खाल्लेला गोल, पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच परिस्थिती, अशा आवर्तनातून माणूस तयार होतो. मोठ्या क्लबच्या राखीव संघात घालवलेलं वर्ष फोटोला चांगलं, खेळाला वाईट.

आशियातलीच उदाहरणं बघा. उझबेकिस्तानचा अब्दुकोदिर खुसानोव, जन्म २००४ चा. तो थेट मँचेस्टरला गेला नाही. आधी बेलारूसमध्ये एनर्गेतिक-बीजीयू नावाच्या, आपल्याकडे कुणी ऐकलं नसेल अशा क्लबकडून २०२२ मध्ये खेळायला लागला. २०२३ मध्ये फ्रान्सच्या लान्सने त्याला घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने. बेलारूसला जाण्यात कमीपणा मानला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दक्षिण कोरियाचा किम मिन-जे आपल्या देशात जॉनबुककडून खेळून, चीनमध्ये बीजिंग ग्वोआन, २०२१ मध्ये तुर्कस्तानचा फेनरबाचे, २०२२ मध्ये नापोली असा पायरी-पायरीने गेला. नापोलीने २०२२-२३ मध्ये इटलीची लीग जिंकली, किम त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि बायर्न म्युनिकने त्याला उचललं. जपानचा ताकेहिरो तोमियासू बेल्जियमच्या सिंट-ट्रुइडनमार्गे बोलोन्या आणि मग आर्सेनलला पोहोचला. जपानी खेळाडू बेल्जियम, नेदरलँड्स अशा देशांत आधी उतरतात, कारण तिथले क्लब तरुणांना खेळवतात आणि मोठे क्लब तिथे माणसं पाठवून खेळाडू बघतात. युरोपातलेही वेगळे नाहीत. व्हर्जिल व्हॅन डाईक नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनमधून सेल्टिक, तिथून साऊदॅम्प्टन आणि जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. लिव्हरपूलने ज्याच्यासाठी पैसे मोजले तो बचावपटू आधीच्या तीन क्लबांतल्या सामन्यांत घडला होता.

भारतातल्या पोरासाठी याचा अर्थ असा की मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, आखातातल्या दुसऱ्या दर्जाच्या लीग, पूर्व युरोप, उत्तर युरोपातले छोटे क्लब, यांना नाक मुरडू नका. काही आशियाई लीगमध्ये आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा राखलेली असते, ती शोधा. करार करण्याआधी एक साधं काम करा. त्या क्लबमध्ये तुमच्या जागेवर सध्या किती जण आहेत, त्यांची वयं काय आणि गेल्या मोसमात ते किती सामने खेळले, हे इंटरनेटवर बसून काढा. दोन पक्के सेंटर बॅक पंचविशीतले असतील आणि तिसराही तयार असेल, तर तुम्हाला कशासाठी घेतायत हे त्यांना विचारा.

आणखी एक. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधला मोसम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याआधी संपतो, बाकी बहुतेक युरोपात ऑगस्ट ते मे. त्यामुळे हस्तांतराच्या खिडक्याही, म्हणजे क्लब बदलता येतो ते ठरावीक काळही, वेगवेगळ्या वेळी उघडतात. आपला भारतातला करार कधी संपतो याच्याशी हे जुळवून बघा. करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी राहिले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायची मोकळीक असते.

इंग्लंडचं काय? पोराला तिथेच जायचंय.

इंग्लंडमध्ये परवान्यासाठी गुणांची पद्धत आहे. देशाकडून खेळलेले सामने, क्लबच्या लीगचा दर्जा, खेळलेली मिनिटं यावर गुण मिळतात आणि साधारणपणे १५ गुण लागतात. भारतातून थेट जाणाऱ्याला ते गाठणं फार कठीण. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नसल्यामुळे वर्क परमिट नाकारलं गेलं. छेत्रीसारख्याचं अडलं. तेव्हा इंग्लंड हा पहिला मुक्काम धरू नका.

एजंट म्हणतो दोन लाख भरा, युरोपात ट्रायल लावून देतो. भरावेत का?

नाही.

खरा एजंट खेळाडूच्या करारातून कमिशन घेतो, ट्रायलच्या नावाने आगाऊ रक्कम मागत नाही. २०२३ पासून फिफाची परीक्षा देऊन परवाना घेतलेल्यालाच एजंट म्हणून काम करता येतं आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव शोधा, नसेल तर चहा पाजून निरोप द्या. एजंटशी खेळाडूचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असू शकतो. आजन्म करारावर सही घेणारा माणूस फसवतोय.

क्लबचं निमंत्रणपत्र आलं तर त्यावरचा ईमेल पत्ता क्लबच्या अधिकृत संकेतस्थळाशी जुळतो का बघा आणि संकेतस्थळावरच्या पत्त्यावर स्वतः लिहून खात्री करा. ‘टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. त्या व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही, आणि परत पाठवलं गेलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसाला त्याचा त्रास होतो.

क्लबला व्हिडिओ पाठवायचाय. कसा बनवू?

गाणं लावू नका. बचावपटूसाठी चार-पाच मिनिटांची निवडक दृश्यं आणि सोबत दोन-तीन पूर्ण सामने, हे हवंच. क्लबला तुमचा उत्तम टॅकल बघायचा नसतो, ७० व्या मिनिटाला पाय थकल्यावर तुम्ही कुठे उभे आहात हे बघायचं असतं. कॅमेरा उंचावरून आणि रुंद, म्हणजे अख्खी बचावफळी एका वेळी दिसेल असा. नुसत्या बॉलमागे फिरणाऱ्या मोबाईलच्या चित्रीकरणात स्टॉपर बहुतेक वेळ चौकटीबाहेरच असतो. एखाद्या सामन्यात तुमच्या चुकीने गोल झाला असेल तरी तो सामना पाठवा, पुढच्या मिनिटाला तुम्ही कसे उभे राहिलात हेही त्यात दिसतं.

करारात काय वाचायचं?

सगळं. आणि सही करण्याआधी फुटबॉलचे करार माहीत असलेल्या वकिलाकडून वाचून घ्यायचं. सांगलीत तसा वकील मिळाला नाही तर पुण्या-मुंबईत शोधा, त्या फीमध्ये कंजुषी करू नका.

मुदत : किमान चालू मोसम संपेपर्यंत, कमाल पाच वर्षं. अठराच्या आतल्यांसाठी तीन. ‘आमची इच्छा असेल तर आणखी दोन वर्षं’ अशी फक्त क्लबच्या बाजूची अट असेल तर भांडा. पगार करकपातीआधीचा की हातात येणारा, कुठल्या चलनात, महिन्याच्या कुठल्या तारखेला, हे लिहिलेलं हवं. घर, विमानाची तिकिटं, विमा, बोनस हे तोंडी नको. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर कुठली भाषा ग्राह्य हे बघा. एक करार फेडरेशनला दाखवायला कमी रकमेचा आणि दुसरा ‘आपल्यातला’ जास्त रकमेचा, असं कुणी सुचवलं तर तो दुसरा कागद वेळेला तुमच्या उपयोगी पडेलच असं नाही.

एक नियम पालकांनी पाठ करून ठेवावा : करारावर दोघांच्या सह्या झाल्यावर ‘मेडिकलमध्ये नापास झाला’ किंवा ‘वर्क परमिट मिळालं नाही’ या कारणाने करार बाद ठरवता येत नाही. ती तपासणी क्लबने आधी करायची असते.

पगार थकला तर?

छोट्या लीगमध्ये हे होतं. घाबरून बॅग भरून परत येऊ नका, तसं केलं तर करार तुम्ही मोडला असं होतं. सलग किंवा एकूण दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि रक्कम भरायला किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी भरलं नाही तर खेळाडूला योग्य कारणाने करार संपवता येतो आणि भरपाई मागता येते. तक्रार फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे, दोन वर्षांच्या आत. खेळाडूला त्यासाठी शुल्क लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बँकेचे उतारे, ईमेल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं सगळं जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय खेळाडू संघटना फिफप्रो आहे, भारतात फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिथे विचारा.

दुखापत झाली की करिअर संपतं का?

झिंगनचंच पुन्हा बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटलं, तो मोसम गेला. परत आला आणि २०२०-२१ चा एआयएफएफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. व्हॅन डाईकचं ऑक्टोबर २०२० मध्ये असंच झालं, तोही परतला आणि पुढे लिव्हरपूलचा कर्णधार झाला. एसीएलनंतर आठ-नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. घाई केली तर तोच गुडघा पुन्हा जातो. दुखापतीच्या काळातही करार चालू असतो, पगार द्यावाच लागतो. परदेशात शस्त्रक्रिया सुचवली तर एमआरआयचे रिपोर्ट घरी पाठवा. मिरजेसारख्या डॉक्टरांच्या गावात दुसरं मत मिळवणं अवघड नाही, आणि ते मत घ्यायचा तुमचा हक्क आहे.

औषधाचंही सांगतो. सर्दीची गोळी असो, ओळखीच्याने दिलेलं चूर्ण असो की जिममधली पावडर, संघाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही घेऊ नका. उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

भाषा येत नाही, जेवणाचं काय होणार?

जेवण जमतं. तांदूळ, डाळ, अंडी, चिकन सगळीकडे मिळतं आणि घरून निघण्याआधी आईकडून चार पदार्थ शिकून घेतले की निम्मी आठवण कमी होते. शाकाहारी असाल तर क्लबच्या आहारतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी सांगा.

भाषेचं मात्र मनावर घ्या. विंगर गप्प राहून खेळू शकतो, सेंटर बॅक नाही. ‘मागे माणूस’, ‘वर या’, ‘सोड’, ‘वेळ आहे’, ‘डावीकडे सरक’ हे अर्ध्या सेकंदात, त्या देशाच्या भाषेत, गोलरक्षकाला आणि साईड बॅकला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. जाण्याआधी मैदानावरचे असे शब्द पाठ करा आणि सरावात मोठ्याने वापरा. आपली पोरं मोठ्यांसमोर गप्प बसायला शिकलेली असतात. ड्रेसिंग रूममध्ये आदर ठेवा, मैदानात पस्तिशीच्या कर्णधारालाही ओरडून सांगा. तिथे ते उद्धटपणाचं मानत नाहीत.

मुलींना संधी आहे?

आहे, आणि मला वाटतं सध्या मुलींचा रस्ता जास्त मोकळा आहे. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन लेडीजकडून २०२२ मध्ये महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. बचावपटूंमध्ये आशालता देवीने भारताचं नेतृत्व अनेक वर्षं केलं. महिला संघाने २०२६ च्या आशिया चषकाची जागा पात्रता फेरी खेळून मिळवली, त्यामुळे परदेशी क्लबांचं लक्ष वाढलंय. स्मृती मानधनाच्या गावात मुलीला खेळायला पाठवताना आता फार समजवावं लागू नये. व्यावसायिक महिला खेळाडूला फिफाच्या नियमांनुसार किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, हेही माहीत असू द्या.

शिक्षण सोडावं लागेल का?

बारावीपर्यंत तरी नक्की सोडू नका. दहावी उत्तीर्ण असल्याचा पासपोर्टवरच्या शेऱ्यासाठीही (कामासाठी परदेशी जायला सरकारी परवानगी लागते असा ‘ईसीआर’ शेरा टळतो) उपयोग होतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांचा मार्गही आहे. तिथल्या एनसीएए या विद्यापीठ क्रीडा संघटनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतात, तिसरा विभाग देत नाही. मात्र आधी कुठे व्यावसायिक करार केला असेल तर तिथली पात्रता अडचणीत येऊ शकते, म्हणून सही करण्यापूर्वी चौकशी करा.

परदेशी नागरिकत्व घेतलं तर भारताकडून खेळता येईल?

नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. फिफाने ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, त्याची काळजी नको.

जन्मतारीख थोडी पुढे करून घेतली तर?

करू नका. एआयएफएफ मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासते, फिफा १७ वर्षांखालच्या स्पर्धांत एमआरआय करते. पकडलं गेलं तर बंदी येते. आणि बचावपटूला घाई कशाची? पावलो माल्दिनी चाळिशीपर्यंत मिलानकडून खेळला, पेपे ४१ व्या वर्षी २०२४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या बचावात उभा होता. एका वर्षाच्या चोरीने या जागेवर काहीच मिळत नाही.

पोरगं परदेशात गेलं तर आमच्या इथल्या क्लबला काय मिळतं?

हा प्रश्न मंडळांचे कार्यकर्ते विचारतात आणि तो फार महत्त्वाचा आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षासाठी ०.५ टक्के. म्हणजे एक कोटीचा व्यवहार झाला आणि पोरगं १२ ते १५ अशी चार वर्षं तुमच्याकडे नोंदलेलं होतं, तर एक लाख रुपये तुमच्या क्लबचे. त्यात वर्षभराचे बॉल, जाळ्या आणि बिब येतील. पहिला व्यावसायिक करार परदेशात झाला तर प्रशिक्षण भरपाईचा, म्हणजे घडवणाऱ्या क्लबला नव्या क्लबने पैसे देण्याचा, नियम वेगळा लागू होऊ शकतो.

पण हे पैसे मिळतात ते नोंदणी असेल तरच. पोरगं चार वर्षं रोज तुमच्या मैदानावर आलं हे सगळ्या गल्लीला माहीत असून उपयोग नाही, एआयएफएफच्या सीआरएस या ऑनलाईन नोंदणीत त्याचं नाव, तुमच्या क्लबचं नाव आणि तारखा असायला हव्यात. आपल्याकडे बरीच मंडळं स्पर्धेपुरती यादी देतात आणि वयोगटातल्या पोरांची नोंदणी करतच नाहीत. क्लब जिल्हा आणि राज्य संघटनेशी संलग्न आहे का ते आधी बघा, नसेल तर करून घ्या. मग बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराचा जन्मदाखला, आधार आणि फोटो घेऊन दर मोसमाला नोंदणी करा, आणि त्याची एक प्रत क्लबच्या कपाटात ठेवा.